वेतनश्रेणीची शिडी

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांच्या जुन्या प्रवेश-नोंदवह्यांत 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असे. त्यात बहुतेक वेळा एकच शब्द लिहिलेला आढळतो : 'नोकरी'. रेल्वे, टपाल व तार, आयुध निर्माण कारखाने, महालेखापालांची कार्यालये, बँका, केंद्र सरकारची खाती यांच्या निमित्ताने असंख्य मराठी कुटुंबे दूरच्या शहरांत स्थिरावली, आणि त्यांच्या मुलांसाठी अशा शाळा उभ्या राहिल्या. 'नोकरी' हा शब्द मात्र पुरेसा नव्हता. कोणत्या वर्गातली नोकरी, कोणत्या श्रेणीतली, यावर घरातले पुष्कळसे ठरत असे. सरकारी वसाहतीत घराचा आकार वेतनावर अवलंबून असे. पहिल्या प्रकारच्या निवासस्थानात राहणारे कोण आणि चौथ्या प्रकारच्या निवासस्थानात राहणारे कोण, हे वसाहतीतल्या लहान मुलांनाही ठाऊक असे. सकाळी शाळेच्या बाकावर मात्र दोन्हीकडची मुले शेजारी बसत.

कामाचे वर्ग पाडणे आणि त्या वर्गांना दाम लावणे ही कारकुनी बाब वाटते. तिचा इतिहास पाहिला की तिच्यामागचे प्रश्न दिसू लागतात. एका माणसाच्या कामाची किंमत दुसऱ्याच्या कामाच्या किती पट असावी? ती ठरवावी कोणी, आणि कोणत्या मापाने? भारतात या प्रश्नांची उत्तरे वेळोवेळी बदलली. ती आपोआप बदलली नाहीत. शिडीच्या तळाशी उभ्या असलेल्यांनी विचारल्यामुळे बदलली.

मनसब ते करारबद्ध सेवा

दर्जाला आकडा आणि आकड्याला वेतन जोडण्याची पद्धत या देशाला नवी नाही. अकबराने घालून दिलेल्या मनसबदारीत प्रत्येक अधिकाऱ्याला एक संख्या मिळे. त्या संख्येवरून त्याचे वेतन ठरे आणि दरबारातील स्थानही ठरे. मराठी वाचकाला या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण आग्र्याचे आहे. 12 मे 1666 रोजी औरंगजेबाच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. पुरंदरच्या तहानंतर पंचहजारी मनसब तर बालवयातील संभाजीराजांनाच मिळालेली होती. महाराजांचा संताप पैशापोटी नव्हता. कोणाच्या पंक्तीला उभे केले, हा त्यांचा प्रश्न होता. श्रेणी ठरते तेव्हा तिच्याबरोबर मानही ठरतो, याची इतकी स्पष्ट साक्ष दुसरी क्वचितच सापडेल.

ईस्ट इंडिया कंपनीने शिडीचे दोन तुकडे केले. कॉर्नवॉलिसच्या काळात कलेक्टरला दरमहा 1500 रुपये आणि वसुलीवर एक टक्का दलाली मिळू लागली. अधिकाऱ्याला भरघोस वेतन दिले तर तो लाच घेणार नाही, हा त्यामागील हिशेब होता. हा हिशेब हिंदी नोकरांना मात्र लावला गेला नाही. करारबद्ध सेवा युरोपियनांची आणि तिच्याबाहेरची कमी पगाराची सेवा प्रामुख्याने हिंदी लोकांची, अशी विभागणी रूढ झाली. 1886 साली नेमलेल्या ॲचिसन आयोगाने हे दोन तुकडे मोडून तीन थर सुचविले : साम्राज्य सेवा, प्रांतिक सेवा आणि दुय्यम सेवा. नावे बदलली, पायऱ्यांमधील अंतर राहिले.

या अंतरावर अभ्यासपूर्वक बोट ठेवणाऱ्यांत गोपाळ कृष्ण गोखले अग्रणी होते. 1897 मध्ये वेल्बी आयोगापुढे दिलेल्या साक्षीत त्यांनी परकीय नोकरशाहीच्या महागडेपणाची आकडेवारी मांडली. त्या महागडेपणाचा भार देशाच्या तिजोरीवर पडतोच, शिवाय जबाबदारीच्या जागा न मिळाल्याने येथील माणसांची उंची खुंटते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे 1912 साली नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगाचे ते सदस्य झाले. आयोगाचे काम पुरे होण्याआधीच, फेब्रुवारी 1915 मध्ये, त्यांचे निधन झाले. योग्य माणूस मिळावा, तो मोहापासून दूर राहावा आणि प्रतिष्ठेने जगावा इतके वेतन सरकारने द्यावे, त्याहून अधिक नाही, असे सूत्र या आयोगाने मांडले. हे सूत्र पुढची अनेक दशके टिकले. मात्र प्रतिष्ठेने जगण्याला किती लागते, याचे उत्तर साहेबासाठी एक आणि शिपायासाठी दुसरे, हे त्यात गृहीतच होते.

पुण्यातील एक वेगळा प्रयोग

याच काळात पुण्यात अगदी उलट विचार आचरणात येत होता. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल, 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. या संस्थेच्या आजीव सदस्यांनी निर्वाहापुरते वेतन घेऊन वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेतली. स्वतः गोखले दरमहा 75 रुपयांवर शिकवीत राहिले. येथे विषय, पद किंवा कीर्ती यांवरून पगाराच्या पायऱ्या पाडायच्या नव्हत्या. कार्य एक आणि त्यागही सारखा, अशी मूळ कल्पना होती.

ही कल्पना सुखासुखी चालली नाही, हेही नोंदविले पाहिजे. आजीव सदस्यांचे वेतन वाढवावे काय, बाहेरचे उत्पन्न त्यांनी ठेवावे काय, या प्रश्नांवर तीव्र मतभेद झाले. लोकमान्य टिळकांनी 1890 मध्ये संस्थेचा राजीनामा दिला, त्यामागील कारणांत हा वाद महत्त्वाचा होता. मोठे कुटुंब असणाऱ्याची गरज आणि एकट्या माणसाची गरज सारखी नसते. संस्थेबाहेर मिळवू शकणारा आणि न शकणारा यांचा त्यागही सारखा नसतो. समान वेतन न्याय्य वाटले तरी तेवढ्याने न्यायाचा प्रश्न सुटत नाही, हे ध्येयवादाने भारलेल्या त्या मंडळींनाही अनुभवावे लागले. तरीही मराठी शिक्षणसंस्थांच्या मनावर या प्रयोगाचा ठसा खोल उमटला. शिक्षकाने पगाराची भाषा बोलू नये हा संकेत त्यातूनच बळावला, आणि त्याची किंमत पुढे शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी मोजली.

राजकारणातही साधेपणाचे सूत्र आले. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, विशेष तज्ज्ञ वगळता राज्याच्या सेवकाचे वेतन सामान्यतः दरमहा 500 रुपयांहून अधिक नसावे, असे म्हटले होते. 1937 मध्ये प्रांतांत काँग्रेस मंत्रिमंडळे आली तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर आणि इतर मंत्री यांनी 500 रुपयेच वेतन घेतले.

'हलकी' सेवा आणि आठ आण्यांची वाढ

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, मे 1946 मध्ये, न्यायमूर्ती श्रीनिवास वरदाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला केंद्रीय वेतन आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल 1947 साली आला. तोपर्यंत सरकारी सेवेच्या सर्वांत खालच्या थराचे अधिकृत इंग्रजी नाव 'इन्फीरियर', म्हणजे 'हलकी' सेवा असे होते. फाइल वाहून नेणारा शिपाई, फरास, चौकीदार, सफाई कामगार या साऱ्यांच्या सेवापुस्तकांवर हा शब्द असे. आयोगाने तो आणि 'दुय्यम' हा शब्दही टाकून द्यावा असे सुचविले. त्याऐवजी वर्ग एक, दोन, तीन आणि चार अशी नावे आली. या शिफारशीने कोणाच्या हाती एक पैसा पडला नाही, पण निवृत्त होताना आपल्या कागदावर आपण हलके होतो असे वाचण्याची पाळी पुढच्यांवर आली नाही.

वर्ग चारची वेतनश्रेणी या आयोगाने अशी ठरविली : 30-½-35. त्या काळच्या नोकरदार घरांत ही आकड्यांची भाषा मुलांनाही वाचता येई. आरंभी मूळ वेतन 30 रुपये, दर वर्षी अर्ध्या रुपयाची वाढ आणि 35 रुपयांवर शेवट. म्हणजे वर्षभराच्या चोख कामाचे मोल महिन्याला आठ आणे. दहा वर्षांत तो माणूस शिडीच्या टोकाला पोहोचे आणि उरलेली सेवा तेथेच उभा राहून काढी. महागाई भत्त्याचे 25 रुपये धरून त्याच्या हाती किमान 55 रुपये पडावेत, अशी शिफारस होती. शिडीच्या वरच्या टोकाला 2000 रुपये होते. खालच्या आणि वरच्या टोकांत सुमारे 36 पटींचे अंतर राहिले.

श्रेणी लिहिण्याच्या या पद्धतीत आणखी एक खूण असे. न्यायमूर्ती जगन्नाथ दास यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या आयोगानंतर (1957-59) शिपायाची श्रेणी 70-1-80-दक्षतारोध-1-85 अशी झाली. कनिष्ठ लिपिकाची 110-3-131-4-155-दक्षतारोध-4-175-5-180. मधला 'दक्षतारोध', कार्यालयीन बोलीत 'इ.बी.', म्हणजे वाटेतला नाका. वरिष्ठांनी काम समाधानकारक असल्याचे लिहून दिल्याशिवाय पुढची वाढ मिळत नसे. ज्या घरात कर्त्याचा इ.बी. अडला, त्या घरात त्या वर्षी बऱ्याच गोष्टी अडत. पाचव्या आयोगापासूनच्या श्रेणींत हा नाका दिसत नाही.

भूक मोजण्याचे माप

दुसरा आयोग काम करीत असतानाच एक वेगळी घटना घडली. जुलै 1957 मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरविले. काम काय आहे हा प्रश्न तिने तात्पुरता बाजूला ठेवला आणि जगायला काय लागते हे आधी विचारले. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांच्या आहारविषयक मानकांचा तिने आधार घेतला. प्रौढ माणसाला दिवसाला 2700 उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घराचे किमान भाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा 20 टक्के भाग, असा तो हिशेब होता. कुटुंबाचे तीन 'उपभोग घटक' धरले जात : पुरुषाचा एक, पत्नीचा 0.8 आणि दोन मुलांचे प्रत्येकी 0.6.

या मापात कुटुंबाच्या पोटाची सोय होती. मुलांच्या शाळेची वेगळी तजवीज नव्हती. ती होण्यास 1991 साल उजाडले. रेप्टाकोस ब्रेट खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ व किमान करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी 25 टक्के धरले पाहिजेत असे सांगितले. वही, पुस्तके आणि शाळेची फी या जगण्याच्याच गरजा आहेत हे कायद्याच्या भाषेत मान्य होण्यास 34 वर्षे लागली. त्या वर्षांत ज्या पालकांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविले, त्यांची गणना कोणत्याही सूत्रात झाली नव्हती.

दुसऱ्या आयोगाने श्रम परिषदेचे माप स्वीकारले नाही. परवडणार नाही, असे त्याचे मत पडले. किमान वेतन 80 रुपये ठरले आणि वरचे 3000 झाले. अंतर 37.5 पट, म्हणजे पहिल्यापेक्षा किंचित अधिकच. जुलै 1960 मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा देशव्यापी संप झाला, तो या पार्श्वभूमीवर. गरजेवर आधारित किमान वेतनाची मागणी घेऊन 19 सप्टेंबर 1968 रोजी पुन्हा एक दिवसाचा संप झाला. दोन्ही वेळा निलंबन, अटक, बडतर्फी यांची झळ हजारो घरांना लागली. संप लगेच यशस्वी झाले असे म्हणता येत नाही, परंतु 'परवडते काय' याबरोबर 'पुरते काय' हा प्रश्नही त्यानंतर सरकारला टाळता आला नाही.

न्यायमूर्ती रघुवर दयाल यांच्या अध्यक्षतेखालील तिसऱ्या आयोगाने (1970-73) 185 रुपयांची शिफारस केली आणि सरकारने ते किमान वेतन 196 रुपये केले. वरचे वेतन 3500 वर थांबले. पाचशेहून अधिक असलेल्या वेतनश्रेणींची संख्याही या आयोगाने सुमारे 80 वर आणली. टोकांमधील अंतर एकदम 17.9 पटींवर आले. चौथ्या आयोगानंतर, 1986 पासून, 750 आणि 8000, म्हणजे 10.7 पट. पाचव्यानंतर, 1996 पासून, 2550 आणि 26000, म्हणजे 10.2 पट. स्वतंत्र भारतात शिडीची दोन टोके इतकी जवळ पूर्वी कधी आली नव्हती.

त्यानंतर वारे फिरले. उदारीकरणानंतर खासगी कंपन्यांचे पगार झपाट्याने वाढले आणि चांगले अधिकारी सरकारी सेवेत टिकवायचे कसे, ही चिंता पुढे आली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या सहाव्या आयोगानंतर 7000 आणि 80000, म्हणजे 11.4 पट. न्यायमूर्ती अशोककुमार माथुर यांच्या सातव्या आयोगाने 2015 मध्ये सुचविलेले 18000 आणि 225000, म्हणजे 12.5 पट. सातव्या आयोगाने किमान वेतन काढताना 1957 च्या त्याच मापाचा आधार घेतला, ही मात्र महत्त्वाची गोष्ट. जे माप एकेकाळी न परवडणारे म्हणून दूर सारले होते, त्यावरच आता संपूर्ण वेतनतक्त्याचा पाया रचला गेला. 2025 मध्ये आठवा आयोग स्थापन झाला असून न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत.

समान काम म्हणजे काय?

वरच्या आणि खालच्या टोकांचा प्रश्न एक, आणि शेजारच्या दोन पायऱ्यांचा दुसरा. कोणते काम कोणाच्या बरोबरीचे? आयोगांनी यासाठी साधारणतः चार-पाच गोष्टी पाहिल्या : प्रवेशासाठी लागणारे शिक्षण, कामाचे स्वरूप, जबाबदारी, धोका आणि पूर्वापार चालत आलेली बरोबरी. यांतली शेवटची कसोटी सर्वांत चिवट ठरली. काम बदलले, यंत्रे आली, तरी 'पूर्वीपासून अमुक पद तमुकाच्या बरोबरीचे' हा युक्तिवाद टिकून राहिला.

1982 मधील रणधीर सिंग खटला याचे उत्तम उदाहरण आहे. रणधीर सिंग दिल्ली पोलिसांत वाहनचालक शिपाई होते. त्यांच्यासारख्या मॅट्रिक न झालेल्या चालकाची श्रेणी 210-270 होती, तर रेल्वे सुरक्षा दलातील चालकाची 260-400. रस्ता तोच, गाडी तशीच, जोखीमही तेवढीच. सर्वोच्च न्यायालयाने समान कामाला समान वेतन हे संविधानाचे उद्दिष्ट आहे असे सांगून त्यांना रेल्वे सुरक्षा दलाच्या चालकांची श्रेणी देण्याचा आदेश दिला. संविधानाच्या अनुच्छेद 39 मधील मार्गदर्शक तत्त्वाला प्रत्यक्ष व्यवहारात धार आली ती या निकालाने.

स्त्रियांच्या कामाबाबत ही बरोबरी आणखी उशिरा आली. समान वेतनाचा कायदा 1976 मध्ये झाला. तरी मुंबईतील एका जहाज व्यवसायातील कंपनीत स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत असे. स्त्रियांचा गट वेगळा, त्यांचे काम वेगळे, असा कंपनीचा बचाव होता. ऑड्रे डिकॉस्टा यांनी तो प्रश्न न्यायालयात नेला आणि 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. गटाला वेगळे नाव दिले म्हणून काम वेगळे ठरत नाही, हा त्या निकालाचा बोध होय.

शिक्षकांच्या बाबतीत हा विचार कोठारी आयोगाने (1964-66) मांडला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर परिसरातून आलेले शिक्षणतज्ज्ञ होते. शाळा सरकारी असो, स्थानिक संस्थेची असो वा खासगी संस्थेची, एकाच वर्गातील शिक्षकांचे वेतन सारखेच असावे, अशी शिफारस आयोगाने केली. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या शाळांना या शिफारशीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तोवर अशा शाळांतील शिक्षकाचा पगार संस्थेच्या ऐपतीवर आणि त्याच्या स्वतःच्या संकोचावर अवलंबून असे. त्यागाची परंपरा थोर खरी, परंतु तिचा भार एकट्या शिक्षकाच्या घराने वाहू नये, एवढे तरी या शिफारशीने मान्य झाले.

बढतीच्या अडचणीवरही तोडगा निघाला. वरची जागा रिकामी नाही म्हणून आयुष्यभर एकाच पायरीवर खोळंबलेल्यांना पाचव्या आयोगानंतर 12 आणि 24 वर्षांनी, तर सहाव्यानंतर 10, 20 आणि 30 वर्षांनी वरच्या श्रेणीचा आर्थिक लाभ मिळू लागला. 'वर्ग' जाऊन अ, ब, क, ड असे 'गट' आले होते. सहाव्या आयोगाने त्यांतला 'ड' गटही प्रशिक्षण देऊन 'क' मध्ये सामावून घ्यावा असे सुचविले. 1947 मध्ये 'हलकी' हा शब्द पुसला गेला होता, आता त्या जागेची शेवटची पायरीच काढून टाकण्यात आली.

तक्त्याबाहेरची माणसे

सातव्या आयोगाचा वेतनतक्ता 18 स्तरांचा आहे. आपला स्तर आणि आपली ओळ सापडली की पुढच्या प्रत्येक वर्षीचे वेतन कोणालाही वाचता येते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी श्रेणी समजून घेण्यासाठी हेडक्लार्कच्या टेबलाशी उभे राहावे लागे. आता शिपाई आणि सचिव एकाच कागदावर आपापली जागा पाहू शकतात. शिडीच्या इतिहासातील ही मोठी सुधारणा आहे.

परंतु तळाची पायरी काढून टाकली म्हणून तळाचे काम नाहीसे होत नाही. सफाई, पहारा, टंकलेखन, वाहन चालविणे ही कामे मोठ्या प्रमाणावर कंत्राटाने होऊ लागली. खेड्यापाड्यांत टपाल पोहोचविणारे ग्रामीण डाकसेवक वेतन आयोगांच्या कक्षेबाहेर राहिले. त्यांच्यासाठी वेगळ्या समित्या नेमल्या गेल्या. अंगणवाडी सेविकांना मिळते ते वेतन नव्हे, 'मानधन'. शाळांतही तेच घडले. महाराष्ट्रात शिक्षणसेवक, गुजरातेत विद्यासहायक, मध्य प्रदेशात शिक्षाकर्मी, उत्तर प्रदेशात शिक्षामित्र. नावे आदराची आहेत, पण वर्ग तोच, पुस्तक तेच, मुले तीच असताना बाजूच्या वर्गातील शिक्षकाला श्रेणी आणि यांना ठरावीक रक्कम, ही अवस्था कोठारी आयोगाच्या शिफारशीच्या नेमकी उलट होती. तात्पुरत्या कर्मचाऱ्यानेही नियमित कर्मचाऱ्याचेच काम केले तर त्याला त्या पदाच्या श्रेणीचे किमान वेतन मिळाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये जगजित सिंग खटल्यात सांगितले. निकाल आणि व्यवहार यांतील अंतर अद्याप पुरते मिटलेले नाही.

या दीर्घ इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे समोर येते. कामाची प्रतवारी निसर्गाने केलेली नाही. ती माणसांनी केली आणि माणसांनीच वेळोवेळी बदलली. 36 पटींचे अंतर 10 पटींवर येऊ शकते आणि पुन्हा वाढूही शकते. 'हलका' हा शब्द कायद्यातून जाऊ शकतो आणि 'मानधन' या शब्दाआडून ती अवस्था परतही येऊ शकते. प्रत्येक वेळी कोणीतरी आपल्या आणि शेजाऱ्याच्या कामाकडे पाहून 'हे असे का?' असे विचारले, तेव्हाच पायरी हलली.

मराठी शाळेच्या बाकांवर शिपायाची आणि साहेबाची मुले शेजारी बसली, एकाच शिक्षकाने त्यांना सारखेच शिकविले आणि सारखेच रागावले. घरी गेल्यावर ती आपापल्या प्रकारच्या निवासस्थानांत परतत. त्यांपैकी कित्येकजण पुढे स्वतः श्रेणी ठरविणाऱ्यांच्या जागी बसले, नेमणुकीच्या पत्रांवर सह्या करू लागले, कार्यालये, कारखाने आणि शाळा चालवू लागले. एखाद्या नावापुढे वेतनाचा आकडा लिहिताना, किंवा एखादे नाव तक्त्याबाहेर ठेवताना, बाकावरचा तो शेजारी त्यांना आठवावा, ही अपेक्षा शाळेने बाळगली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.